पायलट व्हायचे तर दोन इंजिनांचा हिशेब आधी करा

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बारावी सायन्सच्या मुलामुलींच्या तोंडी डॉक्टर-इंजिनिअरबरोबर आता पायलट हाही शब्द येऊ लागला आहे. आनंदाची गोष्ट आहे. अडचण एवढीच की या वाटेवर आधी गेलेले माणूस आपल्या घरात, वस्तीत सापडत नाही. त्यामुळे प्रवेश घेतल्यावर एकेक खर्च बाहेर येतो. त्यातला सर्वात शेवटी येणारा आणि गाडी अडवणारा खर्च म्हणजे मल्टी इंजिन रेटिंग.

कमर्शिअल पायलट लायसन्ससाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाने 200 तासांचे उड्डाण लागते. हे बहुतेक उड्डाण एका इंजिनाच्या लहान विमानावर होते, कारण ते स्वस्त पडते. परवाना हाती येतो, पण त्यावर दोन इंजिनांची नोंद नसेल तर कंपनीच्या दारात त्याचा उपयोग थोडाच. 16 एप्रिल 2025 रोजी अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईला प्रवासी विमान सुरू झाले, ते एटीआर 72. त्याला दोन इंजिने. एअरबस ए-320 लाही दोनच.

दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षितता असे आपल्याला वाटते. तसे आपोआप होत नाही, आणि म्हणूनच हे वेगळे शिक्षण आहे. शेतकऱ्याच्या पोराला हे लवकर कळेल. जोडीतला डावा बैल अडला आणि उजवा ओढतच राहिला, तर गाडी डावीकडे वळते. विमानाचेही तसेच. डावे इंजिन बंद पडले की नाक डावीकडे जाते. ते सरळ ठेवायला उजव्या पायाने रडर दाबावे लागते, डावा पाय रिकामा राहतो. जो पाय रिकामा, त्या बाजूचे इंजिन बंद, ही ओळखण्याची खूण. घाईत चालू इंजिनच बंद करणारे वैमानिक जगात झाले आहेत, म्हणून ही खूण पुन्हा पुन्हा घोटून घेतात. मग बंद इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याला आडवी न ठेवता धारेत वळवायची, नाहीतर तीच विमानाला मागे ओढतात. वेगाच्या घड्याळावर एक लाल रेघ असते. एकाच इंजिनावर असताना वेग त्याखाली गेला तर रडरनेही विमान आवरत नाही. निळी रेघ असते ती एका इंजिनावर सर्वात चांगले वर चढण्याच्या वेगाची. शक्ती निम्मी गेली तर चढण्याची ताकदही निम्मी उरेल असा हिशेब आम्ही कारकून माणसे करू, पण लहान विमानात ती चार-पंचमांशाहूनही जास्त जाते. उरलेल्या इंजिनाला विमान नुसते तोलून धरायलाच बहुतेक जोर लागतो.

हे सगळे साधारण पंधराएक तासांत शिकवतात. पुष्कळ संस्था हे तास 200 मध्येच धरतात, काही वेगळे लावतात. या विमानाचा तासाचा दर एका इंजिनाच्या विमानापेक्षा बराच जास्त. म्हणून फी विचारताना पहिला प्रश्न हाच विचारा, यात मल्टी इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग धरले आहे काय? उत्तर कागदावर घ्या. एकूण खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. कोरडवाहू चार एकरांवर बँक किती देणार?

शिष्यवृत्तीचे काय? परमपूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी 1944 पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. त्याच योजनेच्या पहिल्या गटात पुढे कमर्शिअल पायलट लायसन्स आले, आणि त्यात मल्टी इंजिन रेटिंगचा शब्दशः उल्लेख आला. ही गोष्ट आपल्या फार थोड्या पालकांना ठाऊक आहे. पण 2010 च्या नियमावलीत साऱ्या देशासाठी वर्षाला जागा 10, आणि अर्जदाराकडे प्रायव्हेट पायलट लायसन्स आधीच असले पाहिजे अशी अट. त्या लायसन्सचा खर्च कुणी करायचा? ज्याच्यासाठी योजना, त्याच्याकडे तेच नाही. आमच्या मते संघटनांनी निवेदने द्यायची तर या अटीवर द्यावीत.

शिकण्याच्या जागा आता फार दूर नाहीत. नागपूर फ्लाइंग क्लब आहे, गोंदियाजवळ बिर्सीला संस्था आहे. बेलोऱ्याला वर्षाला 180 वैमानिक घडवणारी शाळा काढण्याचे एअर इंडियाने 2024 मध्ये जाहीर केले. तिच्यासाठी मागविलेल्या 34 विमानांत दोन इंजिनांची फक्त 3 आहेत.

आजवरच्या नियमाने बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे. एक पैसाही भरण्याआधी डोळ्यांची, रंग ओळखण्याची आणि बाकीची वैद्यकीय तपासणी मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून करून घ्यावी. चष्मा असला म्हणून घाबरू नये. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवावा. यवतमाळच्या समाजकल्याण कार्यालयात चालू वर्षाची नियमावली मागावी, आणि मल्टी इंजिनची फी त्यात बसते की नाही याचे उत्तर लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन मागावे.