रबरी विजार आणि पाण्याचे वजन

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाण्यात उभे राहून पोट भरणारी माणसे इथे पुष्कळ आहेत. एकबुर्जी आणि अडाणसारखी धरणे, गावोगावचे तलाव, पैनगंगेचे डोह. रोहू, कटला, मृगळ यांसाठी तिथे जाळी पडतात. थंडीच्या पहाटे तास-दोन तास कमरेइतक्या पाण्यात राहायचे म्हणजे पायांना चिखल्या ठरलेल्याच. शिवाय बाभळीचा काटा, फुटकी बाटली, जळवा. त्यातून वाईट म्हणजे लेप्टोस्पायरा नावाचे जंतू. उंदरांच्या व जनावरांच्या मुतातून ते पाण्यात येतात आणि भेगाळलेल्या कातडीतून अंगात शिरतात. मग ताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात, कधी कावीळही होते. पाण्यात काम करणाऱ्याला असा ताप आला तर डॉक्टरांना तेवढे आवर्जून सांगा.

पाय कोरडे ठेवण्यासाठी छातीपर्यंत येणारी रबरी विजार मिळते. खाली गमबूट जोडलेले, वर खांद्यावरून पट्टे. इंग्रजीत तिला वेडर म्हणतात. पूर्वीचे रबर उन्हात चिकट व्हायचे आणि थंडीत कडक. 1839 साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी ते गंधकाबरोबर तापवून टिकाऊ केले, म्हणून आज ते अंगावर घालता येते.

आता तुम्ही म्हणाल, "पण तिच्यात पाणी शिरलं तर माणूस दगडासारखा तळाला जाईल ना!" ही भीती पार विलायतेपर्यंत आहे. ती खरी की खोटी, ते आपल्या विहिरीवरच बघा. भरलेली बादली पाण्याखाली असते तोवर दोर सहज वर येतो. बादली पाण्याबाहेर आली की हात भरून येतात. पाण्यात असताना पाण्याचे वजन जाणवतच नाही. गुरुजींनी हा प्रयोग मुलांकडून जरूर करून घ्यावा, हौदावर तांब्या-दोरीनेही होतो.

म्हणजे विजारीतले पाणी माणसाला खाली ओढत नाही. धोका आहे तो बाहेर येताना. तीस लिटर पाणी शिरले असे धरा, तर काठावर पाय टाकताच तीस किलोचे ओझे पायांना लटकते. वाहत्या पाण्यात तर फुगलेली विजार शिडासारखी प्रवाह धरते. तेव्हा धडपडू नये. पाठीवर व्हावे, हातांनी पाणी मारीत उथळ काठाशी यावे, तिथेच बसून खांद्याचे पट्टे सोडावेत आणि पाणी वाहू द्यावे. पट्ट्यांना गाठी मारू नका, ओल्या गाठी ऐनवेळी सुटत नाहीत. विजारीवरून कमरेला एक पट्टा घट्ट आवळला, तर वरून आलेले पाणी पायांपर्यंत लवकर उतरत नाही. बाजारातून विजार आणली आणि हा पट्टा घरीच राहिला, तर निम्मी विजार घरी राहिली म्हणायची.

आणखी एक गोष्ट, तलावाच्या तळाची. 2017 पासून गाळमुक्त धरण योजनेत ठिकठिकाणी गाळ काढला गेला. शेताला माती मिळाली, ते चांगलेच झाले; पण गाळ काढलेल्या जागी तळ एकदम खोल गेलेला असू शकतो, आणि गढूळ पाण्यात तो दिसत नाही. जुना वाटाड्या भोई काठीने तळ चाचपून मगच पाऊल टाकतो. विजार असो वा नसो, ती काठी हवीच. कमरेच्या वर पाणी लागले की मागे फिरायचे. चिखलात बूट रुतला तर हिसका न देता टाच हलवीत तो सैल करायचा. आणि एकट्याने उतरायचे नाही, काठावर कोणीतरी हवे.

काम झाल्यावर विजार उलटी टांगून सावलीत वाळवावी, उन्हात रबराला भेगा पडतात. गळते कुठून हे कळत नसेल तर आत पाणी भरून टांगा, थेंब बाहेर दिसतो. तिथे पुसून, घासून, सायकलवाल्याकडचे सोल्युशन आणि ठिगळ लावले की रबरी विजारीचे काम भागते.