किल्ली काढली तरी दिवा जळतो

गाडी अंगणात उभी केली. किल्ली काढली. दिव्याचे बटणही बंद केले. तरी पुढचे दोन्ही दिवे जळतच राहिले! आमच्या जामनेर तालुक्यात जीप, पिकअप, काळीपिवळी चालवून पोट भरणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या काहींना तरी हा अनुभव आला असेल. रात्रभर दिवा जळतो. पहाटे सेल्फ मारावा, तर नुसता टक-टक आवाज येतो. कापसाचा नाहीतर केळीचा फेरा बुडतो. त्याच रात्री कोणाला जळगावला दवाखान्यात न्यायचे असले, तर मग काय विचारता!

अशा वेळी लोक म्हणतात, "बॅटरी गेली, नवी टाका." चार-पाच हजार रुपये जातात, आणि दोन दिवसांनी नवी बॅटरीही उतरते. कारण दोष बॅटरीत नव्हताच.

प्रथम हिशेब पाहू या. पुढचा एक दिवा साधारण ५५ वॅटचा. दोन्ही मिळून ११० वॅट झाले. मागचे तांबडे दिवे आणि नंबराच्या पाटीचा दिवा धरून १३० म्हणा. बॅटरी १२ व्होल्टची. १३० ला १२ ने भागा. सुमारे ११ आले. म्हणजे हे दिवे ११ अँपिअर वीज ओढतात. बॅटरीवर '४५ ए.एच.' असे लिहिलेले असले, तर ती ११ अँपिअर वीज चार तास देईल. चार तासांनी टाकी रिकामी! पण गाडी त्याआधीच अडते. सेल्फला एकदम शंभराहून अधिक अँपिअर लागतात, डिझेल गाडीला त्याहून जास्त. दोन तास दिवे जळाले तरी जुनी बॅटरी हात टेकते.

आता कोणी विचारील, "किल्ली काढली, मग वीज जाते कशी?" बऱ्याच गाड्यांत पुढच्या दिव्यांची वीज किल्लीतून जात नाही. ती बॅटरीतून सरळ येते. वाटेत रिले नावाची लहानशी चौकोनी डबी असते. रात्री शेतात दारे धरणारा गडी असतो ना, तसे तिचे काम. मालकाने हाक दिली की गडी पाटाचे दार उघडतो. तुम्ही बटण दाबले की थोडीशी वीज रिलेत जाते. आतल्या तारेच्या वेटोळ्याचे लोहचुंबक होते. ते एक पट्टी ओढून घेते, आणि दिव्याच्या मोठ्या विजेची वाट उघडते. बटण बंद केले की पट्टी सुटते आणि दिवा विझतो. पण कधी ही पट्टी ठिणग्यांनी वितळून चिकटते. मग मालक कितीही ओरडला तरी दार उघडेच!

पट्टी चिकटते कशाने? पुष्कळदा आपल्याच हौसेने. ५५ वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब घालतात. टपावर जादा दिवे लावून त्यांची तारही तिथेच जोडतात. वीज दुप्पट झाली, तार आणि रिले मात्र तीच. वर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.

दिवा विझेना, तर आधी बटण नीट पाहा. नव्या गाड्यांत 'ऑटो' अशी खूण असते. काही गाड्यांत उतरल्यावर वाट दिसावी म्हणून दिवे थोडा वेळ मुद्दाम जळतात आणि आपोआप विझतात. मोटारसायकलीचेही ऐका. १ एप्रिल २०१७ पासून बनलेल्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळतो. तो नियमच आहे, बिघाड नव्हे.

हे काही नसेल, तर बटण बंद ठेवून दिव्याचा रिले उपटून काढा. तो कुठे आहे ते फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर दिलेले असते. दिवा विझला? मग त्याच नंबरचा दुसरा, चांगला रिले तिथे बसवा. काही गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असतो, तो चालतो. आता दिवा विझलेलाच राहिला, तर जुना रिले चिकटला होता. काही लोक त्याला पान्याने टिचकी मारतात. तो सुटतो खरा, पण पुन्हा चिकटतो. नवा शे-दोनशे रुपयांत मिळतो, तो घ्यावा.

चांगला रिले घालूनही दिवा लागला, तर दोष बटणात किंवा बटणाकडून येणाऱ्या तारेत. काही गाड्यांत ही तार सोलली जाऊन पत्र्याला टेकली की दिवा आपोआप लागतो. गाडी गोदामाजवळ उभी राहत असेल, तर तारा उंदराने कुरतडल्या आहेत का तेही बघा.

आणि रिले काढल्यावरही दिवा जळतच राहिला तर? तर कुठेतरी विजेची तार दिव्याच्या तारेला चिकटली आहे. ही गोष्ट वाईट. अशाने गाडी पेटते. तिथे आपला हात न चालवता मिस्त्रीला बोलवावे.

मिस्त्री येईपर्यंत बॅटरीचे उणे टोक सोडून ठेवा. उणेच का? गाडीचा सारा पत्रा उण्याला जोडलेला असतो. अधिक टोक आधी सोडताना पाना पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते. उणे आधी सुटले की ती भीती नाही. जोडताना उणे शेवटी. बॅटरीजवळ विडी पेटवू नये, तिच्यातून पेटणारा वायू निघतो.

उतरलेली बॅटरी तशीच टाकून ठेवू नका. आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो, मग ती पूर्वीइतकी वीज धरीत नाही. लगेच चार्जिंगला द्या, आणि सावकाश रात्रभर चार्ज करायला सांगा. आमच्याकडे वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा बॅटरीतले पाणीही लवकर आटते. झाकणे उघडणारी बॅटरी असेल, तर पट्ट्या बुडतील इतके डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचे पाणी नको, त्यात क्षार असतात.

दुसऱ्या गाडीवरून वायर लावून चालू करायची असेल, तर ती गाडीही १२ व्होल्टचीच हवी. केळी नेणाऱ्या मोठ्या ट्रकवरून वायर घेऊ नका. त्यात बहुधा दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात.