एका दिवसापुरतं फ्रेंच

परळचं राजकमल कलामंदिर म्हटलं की व्ही. शांताराम आठवतात. १९४२ साली त्यांनी ही जागा घेतली, त्याआधी तिथे वाडिया मूव्हीटोनचा स्टुडिओ होता. आणि तो थाटला होता ‘लवजी कॅसल’ या वाडियांच्या जुन्या वाड्यात. ‘हंटरवाली’ चित्रपट काढणाऱ्या या वाडियांचे पूर्वज जहाजं बांधत. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले आणि पुढे जवळजवळ दीडशे वर्षं गोदीच्या मुख्य कारागिराचं पद त्यांच्याच घराण्यात राहिलं.

याच गोदीत १७९३ साली ईस्ट इंडिया कंपनीसाठी ‘बॉम्बे’ ही सागवानी फ्रिगेट, म्हणजे वेगवान युद्धनौका, पाण्यात उतरली. १८०५ मध्ये ती ब्रिटिश आरमाराने विकत घेतली आणि १८०८ मध्ये तिचं नाव ‘सिलोन’ झालं.

पुढे १८१० मध्ये तिचा सामना ज्या ‘व्हेनूस’शी झाला, ती १८०६ सालची ४० तोफांची फ्रेंच फ्रिगेट. कप्तान जाक आमलँ. मॉरिशस तेव्हा फ्रेंचांकडे होतं आणि तिथून निघणाऱ्या फ्रिगेटांनी कंपनीच्या व्यापाराला सळो की पळो केलं होतं. १८ नोव्हेंबर १८०९ रोजी आमलँच्या ताफ्याने बंगालच्या उपसागरात कंपनीची तीन मोठी जहाजं एकदम धरली. ऑगस्ट १८१० मध्ये मॉरिशसच्या ग्राँ पोर्टच्या लढाईत तर इंग्रजांनी चार फ्रिगेट गमावल्या. पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेलं नेपोलियनच्या काळातलं आरमारी विजयाचं नाव हे एकच.

महिनाभरातच, १७ सप्टेंबरला, मॉरिशसजवळ ‘सिलोन’ आमलँच्या नजरेस पडली. मॉरिशस जिंकण्याच्या इंग्रज मोहिमेचे सेनापती जनरल ॲबरक्रॉम्बी तिच्यावर होते. ‘सिलोन’ने सगळी शिडं सोडून पळ काढला, पण मध्यरात्रीनंतर रीयुनियनजवळ ‘व्हेनूस’ने तिला गाठलंच. अंधारात दोघी पहाटेपर्यंत एकमेकींवर तोफा डागत राहिल्या. दोघींच्याही डोलकाठ्या मोडल्या. मागे राहिलेली छोटी फ्रेंच युद्धनौका ‘व्हिक्टर’ तेवढ्यात येऊन पोहोचली आणि ‘सिलोन’ने निशाण उतरवलं. जनरलसाहेब कैद झाले.

ही कैद दिवसभरच टिकली. ‘व्हिक्टर’ मुंबईच्या जहाजाला दोराने ओढत नेत होती. ‘व्हेनूस’लाही पुरती शिडं उभारता येत नव्हती. रीयुनियनहून निघालेल्या इंग्रज कमोडोर रोलीच्या ‘बोडिशिया’ने १८ तारखेला संध्याकाळपर्यंत त्यांना गाठलं. ‘व्हिक्टर’ निसटली, ‘सिलोन’ परत मिळाली आणि ‘व्हेनूस’ काही मिनिटांतच शरण आली. ३ डिसेंबर १८१० रोजी ॲबरक्रॉम्बींपुढे मॉरिशसनेही शरणागती पत्करली.

‘व्हेनूस’ला इंग्रजांनी ग्राँ पोर्टला गमावलेल्या ‘नेरिड’चं नाव दिलं आणि १८१६ मध्ये मोडीत काढलं. ‘सिलोन’ मात्र १८३२ पासून माल्टाच्या बंदरात नौसैनिकांना राहायला जागा देत उभी राहिली. ती विकली गेली १८५७ साली, बांधल्यानंतर ६४ वर्षांनी. गोळ्यांचे घाव दोघींनीही सोसले होते. पण युरोपी जहाजांच्या ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागाच्या तेलाने ते टिकतात. मलबारच्या सागवानाची आणि मुंबईच्या कारागिरांची ख्याती त्यावरच उभी होती.

त्या कामाचा नमुना आजही पाहायला मिळतो. जमशेटजी बोमनजी वाडियांनी १८१७ साली मुंबईत बांधलेली ‘त्रिंकोमाली’ अजून पाण्यावर आहे, पण इंग्लंडमधल्या हार्टलपूलला. ज्या शहरात ती घडली, तिथे या इतिहासाचं एक चांगलं, सर्वांना खुलं दालन व्हायला हवं.