किनाऱ्यावरची पोपटी

थंडी पडली की रायगड जिल्ह्यात पोपटीचे दिवस येतात. यंदा आम्ही तीन कुटुंबांनी मिळून ती समुद्रकिनारी लावली. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला. वर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मीठ आणि ओवा. पाणी नाही, तेल नाही. पाल्यानेच तोंड बंद करून मडके पालथे घातले आणि भोवती काटक्या-पेंढा पेटवला. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडताच चर्र झाले. पोपटी तयार!

पोरेबाळे, आजीआजोबा, सर्वांनी एकाच मडक्यातले खाल्ले. ऊब घेता घेता आजोबांनी महाडची हकीकत सांगितली. महाड याच जिल्ह्यातले. तिथे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पाणी गोड होते म्हणून नव्हे, तर सार्वजनिक पाणवठ्यावर सर्वांचा समान हक्क आहे म्हणून. किनाराही असाच सर्वांचा.

हक्काबरोबर जबाबदारी येते. किनाऱ्यावर जाळ करण्यास मनाई नाही ना, हे ग्रामपंचायतीत आधी विचारावे. होड्या, जाळी व सुरूच्या झाडांपासून दूर बसावे. पाचवे शील समुद्रावरही पाळावे, दारू नको. निघताना निखाऱ्यांवर नुसती वाळू ओढू नये. वाळूखाली ते तासन् तास धुमसतात आणि कुणाच्या तरी अनवाणी लेकराचा पाय भाजतो. बादल्या भरून पाणी ओतावे, राख गार झाल्याची खात्री करावी.

आपल्यामागून येणारे लेकरूही आपलेच आहे.