गावी राहिलेले चित्रकार

जे. जे. स्कूल ऑफ आर्ट मुंबईत 1857 साली सुरू झाले आणि छायाप्रकाश, यथार्थदर्शन यांच्या पाश्चात्त्य शिक्षणाबरोबर निसर्गचित्रही महाराष्ट्रात रुजू लागले. पोट मात्र व्यक्तिचित्रांवर भरे. संस्थानिक, शेटजी आणि त्यांचे दिवंगत वडील यांना मागणी होती; ओढ्याला आणि बाभळीला गिऱ्हाईक नव्हते.

आबालाल रहिमान यांनी तरीही ओढा आणि बाभळच निवडली. जे. जे.तले शिक्षण आटोपून ते मुंबईत न थांबता कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, पण दरबारी थाट त्यांना मानवला नाही. कोटितीर्थ तलावाच्या काठी साधेपणाने राहून ते आसपासची तळी, झाडे, बदलता उजेड रंगवत राहिले. 1931 साली त्यांचे निधन झाले. बरीच चित्रे पुढे जपली गेली नाहीत. तरी कोल्हापूरच्या पुढच्या चित्रकारांवर त्यांची छाप पडली. अभिनेते चंद्रकांत मांडरे यांनी तर कोरड्या रंगाची पूड कागदावर घासून निसर्गचित्रे काढली. 'पावडर शेडिंग' म्हणून ती ओळखली जातात.

गावी राहून निसर्ग रंगवण्याचा असाच प्रकार फ्रान्समध्ये बार्बिझोन या खेड्यात आधी घडला होता. चित्रकार मिले 1849 साली तिथे राहायला गेला. रंगाच्या धातूच्या नळ्या 1841पासून मिळू लागल्याने उघड्यावर तैलरंग वापरणे सोपे झाले होते. बार्बिझोनला मात्र चित्रकारांचा मेळा होता. आबालाल जवळजवळ एकटेच.

इकडे महाराष्ट्रात कोकणाचा समुद्र प्रल्हाद अनंत धोंड यांच्या जलरंगांत भरभरून आला. सह्याद्रीच्या पायथ्याचे कोकण वेगळे. पोलादपूर तालुक्यातले उमरठ म्हटले की तानाजी मालुसरे आणि त्यांची समाधी आठवते, पण आजूबाजूची भातखाचरे चित्रकाराची परीक्षा पाहणारी आहेत. श्रावणात सगळेच हिरवे. नुकत्याच झालेल्या लावणीचा पिवळसर पोपटी, बांधावरच्या गवताचा गडद, रानाचा काळपट, असे हिरवे निरनिराळे करता आले नाहीत तर चित्राचा चिखल होतो. त्यात दमट हवेत कागद लवकर वाळत नाही. पहिला थर ओला असतानाच दुसरा दिला की डोंगराची कड आभाळात पसरते. काही जण तसे मुद्दाम करतात, कारण पावसाळी डोंगराची कड दिसतेच तशी. उन्हाळ्यात राब भाजल्याचा, म्हणजे शेतात पालापाचोळा जाळल्याचा, धूर खोऱ्यात साचतो, दूरच्या रांगा निळसर राखाडी होतात आणि दोन-तीन फिक्या थरांत काम भागते.