पिशवी काढण्याआधी तुकडा तपासा

पाळी बंद होऊन काही वर्षं झाल्यावर अंगावरून पुन्हा रक्त गेलं, की आपल्याकडे बाई एक तर ‘उष्णता असेल’ म्हणून गप्प बसते, नाहीतर घाबरून ‘पिशवीच काढून टाका’ म्हणते. दोन्ही वाटा धोक्याच्या आहेत. 2018 साली अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली. अशा रक्तस्रावाच्या शंभर स्त्रियांमध्ये साधारण नऊ जणींना गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर निघतो, असं तीत दिसलं. म्हणजे बहुतेकींना तो नसतो. पण ज्यांना असतो, त्यांच्यातल्या सुमारे नव्वद टक्के स्त्रियांना आधी रक्तस्राव झालेला असतो. इतकी स्पष्ट सूचना देणारे कॅन्सर फार थोडे आहेत.

खात्री होते ती बायोप्सीने. एक बारीक प्लास्टिकची नळी गर्भाशयात सरकवून अस्तराचा तुकडा घेतात. बहुतेकदा भूल लागत नाही, ओपीडीतच काही मिनिटांत काम होतं. हा तुकडा पुढचं सगळं ठरवतो.

कॅन्सर गर्भाशयापुरताच असेल, तर मुख्य उपचार शस्त्रक्रियाच. गर्भाशय, गर्भाशयमुख, दोन्ही बीजनलिका आणि दोन्ही अंडाशयं काढतात. पाळी चालू असलेल्या तरुण स्त्रीचा कॅन्सर सौम्य आणि अगदी सुरुवातीचा असेल, तर अंडाशयं ठेवण्याचा विचार होतो. मूल हवं असेल, तर निवडक रुग्णांमध्ये प्रोजेस्टेरॉनसारखी औषधं देऊन, दर काही महिन्यांनी बायोप्सी करत शस्त्रक्रिया लांबवता येते.

पोट उघडायचं की दुर्बिणीने करायचं? यावर अमेरिकेत 2,616 स्त्रियांची मोठी चाचणी झाली. पाच वर्षांनी दोन्ही गटांत जवळपास नव्वद टक्के स्त्रिया हयात होत्या. दुर्बिणीच्या गटातल्या स्त्रिया लवकर घरी गेल्या. हा कॅन्सर झालेल्या अनेक जणींना लठ्ठपणा आणि मधुमेह असतो, पोटावरची लांब जखम त्यांना फार त्रास देते. त्यामुळे सुरुवातीच्या टप्प्यात दुर्बीणच पहिली पसंती झाली, आणि ते योग्यच झालं.

मात्र शेजारच्याच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये उलटं घडलं. तिथली मोठी शस्त्रक्रिया दुर्बिणीने करण्यात महाराष्ट्र आघाडीवर होता. 2007 साली डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने 248 शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि ती पद्धत ‘पुणे टेक्निक’ म्हणून ओळखली गेली. पुढे 2018 मध्ये 631 स्त्रियांची आंतरराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध झाली. साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण पोट उघडलेल्या गटात 96.5 टक्के, तर दुर्बिणीच्या किंवा रोबोटच्या गटात 86 टक्के भरलं. तेव्हापासून जगभर सल्ले बदलले. म्हणून ‘पिशवीचा कॅन्सर’ एवढं कळून भागत नाही. नेमका कुठला, हे विचारलंच पाहिजे.

सगळ्यात सुंदर बदल मला वाटतो तो लसिका ग्रंथींच्या बाबतीतला. रोग पसरलाय का हे पाहायला पूर्वी ओटीपोटातल्या ग्रंथी सरसकट काढत. 2008 आणि 2009 साली इटली व ब्रिटनमधल्या चाचण्यांनी दाखवलं, की सुरुवातीच्या टप्प्यात त्याने आयुष्य वाढत नाही. पाय मात्र कायमचे सुजू शकतात. आता गर्भाशयमुखात इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य टोचतात. विशेष कॅमेरा लावला, की पडद्यावर हिरव्या रेषा लसवाहिन्यांतून पुढे सरकतात आणि पहिली ग्रंथी चमकू लागते. सर्जन दोन्ही बाजूंची तेवढीच काढतो. 2017 च्या अमेरिकी अभ्यासात, ग्रंथींपर्यंत रोग पोचलेल्या आणि रंग नीट उतरलेल्या रुग्णांपैकी 97 टक्के जणींचा रोग या पद्धतीने पकडला गेला.

आता तपासणी न करताच पिशवी काढली आणि नंतर रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला, असं समजा. रंग टोचायला गर्भाशयमुखच उरत नाही, ही संधी कायमची जाते. मग दुसरी शस्त्रक्रिया, नाहीतर अंदाजाने रेडिएशन. बाहेर काढताना पिशवीचे आत तुकडे केले असतील, तर रोग पोटात पसरण्याची भीती वेगळीच.

याची दुसरी बाजूही आपण पाहिली आहे. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा कॅन्सरची भीती घालून पिशवी काढल्याचं अनेक जणींनी सांगितलं होतं. गरज असलेलीला अर्धवट आणि गरज नसलेलीला पूर्ण ऑपरेशन, हा अन्याय एका तुकड्याच्या तपासणीने बराच टळला असता.

पाळी गेल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. बायोप्सी लागेल का, हे स्वतःहून विचारा आणि केली असेल तर रिपोर्ट हातात आल्याशिवाय ऑपरेशनची तारीख ठरवू नका. घरात कोणाची पिशवी आधीच काढली असेल, तर ती तपासायला पाठवली होती का हे विचारा, आणि तो कागद जपून ठेवा.