जुन्या पोथ्या आणि दप्तरे: माया हवीच, पण हाताला वळणही हवे

वऱ्हाडात जुन्या कागदांना तोटा नाही. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर ही लीळाचरित्राची भूमी. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तो ग्रंथ तिथेच सिद्ध केला, आणि महानुभाव मठांत पोथ्यांची गाठोडी आजही जपलेली आहेत. १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेल्या कारंजा लाडला जैन ग्रंथभांडारे आहेत. पुष्पदंताचे अपभ्रंश काव्य ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये कारंजाहून प्रसिद्ध झाले. त्याचे संपादक हीरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवत. याखेरीज वाचनालयांतली जुनी वर्तमानपत्रे, शाळांची दप्तरे, संस्थांची इतिवृत्ते आहेतच.

हे सारे सांभाळतात ग्रंथपाल, पुजारी, मठातले साधक, निवृत्त शिक्षक. त्यांच्या कळकळीबद्दल शंका नाही. पण कसर आणि वाळवी यांच्या जोडीला चुकीचे उपायही कागद खातात. त्यातले नेहमीचे गैरसमज पाहू.

गैरसमज: कागद जितका जुना, तितका नाजूक.
वस्तुस्थिती: पुष्कळदा उलटच असते. दौलताबादसारख्या ठिकाणी चिंध्यांपासून हाताने केलेल्या कागदाचे तंतू लांब आणि चिवट असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात आम्ल असते. तो पिवळा पडतो आणि दुमडला की तुटतो. म्हणून दोनशे वर्षांची पोथी नीट उलगडते आणि १९३५ च्या वर्तमानपत्राचा अंक हातात चुरतो. संग्रहात आधी लक्ष द्यायचे ते या वर्तमानपत्रांकडे.

गैरसमज: लाल कापड, कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या असल्या की काळजी मिटली.
वस्तुस्थिती: पोथी कापडात बांधण्याची रीत चांगलीच आहे. धूळ आणि उजेड अडतो, हवेतला ओलावा एकदम आत शिरत नाही. पण यात लाल रंगाचे श्रेय नाही. रंग कच्चा असेल आणि कापड भिजले, तर तो पानांवर उतरतो. नव्या कोऱ्या कापडाची खळ कसरीला आवडते, म्हणून सुती कापड आधी धुऊन वाळवावे. पाला ओलसर राहिला तर बुरशीला निमंत्रण. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी मरत नाही, आणि त्यांची वाफ माणसाला बाधते.

गैरसमज: पावसाळा संपला की पोथ्यांना ऊन दाखवावे.
वस्तुस्थिती: उन्हातल्या अतिनील किरणांनी कागद ठिसूळ होतो, रंग उडतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि जुलैत हवा दमट होते. कागद आधी आक्रसतो, मग फुगतो. हा चढउतारच घातक. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीचा धोका वाढतो. खोलीत आर्द्रतामापक लावावा, रोज नोंद ठेवावी, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे घ्यावे. ओलसर पोथी सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर वाळवावी.

गैरसमज: फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावावी, फारच महत्त्वाचे असेल तर लॅमिनेट करावे.
वस्तुस्थिती: चिकटपट्टी काही वर्षांत निघून येते, पण तिचा डिंक कागदात मुरून तपकिरी डाग ठेवतो. गरम प्लास्टिकमध्ये बंद केलेले पान सहसा सुखरूप बाहेर काढता येत नाही. जतनाचा पहिला नियमच असा की केलेली दुरुस्ती उद्या सोडवता आली पाहिजे. त्यासाठी लागते गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि पातळ जपानी कागद. कुरडयांसाठी आपण गहू भिजवून जो चीक काढतो, तेच हे सत्त्व. ते पाण्यात मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायचे, गार झाल्यावर चाळणीतून घोटायचे. जपानी कागद कात्रीने कापायचा नाही, पाण्याची रेघ ओढून फाडायचा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि पानात मिसळतात. बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते मात्र टाळावे. त्यातले तांबे कागदाचा नाश वेगाने करते.

गैरसमज: जुन्या कागदाला हात लावायचा तर पांढरे हातमोजे हवेतच.
वस्तुस्थिती: मोज्यांत बोटांना पानाची जाडी कळत नाही आणि ठिसूळ कडा अडकून तुटते. कागदासाठी धुतलेले कोरडे हात उत्तम. मोजे छायाचित्रांना आणि नाण्यांना. थुंकी लावून पान उलटणे मात्र कायमचे सोडावे. जुन्या पोथ्यांत दुरुस्तीसाठी किंवा कीड लागू नये म्हणून हरताळ वापरत, आणि त्यात आर्सेनिक असते.

गैरसमज: स्कॅन झाले, आता मूळ प्रत गेली तरी चालेल.
वस्तुस्थिती: लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत गेली आणि अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. म्हणून त्याचे पाठ अनेक. मजकूर असा परत मिळू शकतो. शाई, कागद, समासातली टीप, बांधणी परत मिळत नाही. चांगले स्कॅन मूळ प्रतीची हाताळणी कमी करते, हा त्याचा खरा उपयोग.

गैरसमज: जतन म्हणजे प्रयोगशाळा आणि रसायने, ते आपले काम नव्हे.
वस्तुस्थिती: यात दोन भाग आहेत. नुकसान होऊ न देणे हे राखणाऱ्याचे काम. झालेले नुकसान दुरुस्त करणे बहुतांशी तज्ज्ञाचे. लखनऊची राष्ट्रीय जतन प्रयोगशाळा १९७६ पासून आणि राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ पासून हा फरक शिकवत आले. पुण्याच्या भांडारकर संस्थेतही हे काम चालते. अशा प्रशिक्षणात आधी रद्दीवर हात बसवतात: मऊ ब्रश शिवणीकडून बाहेर फिरवणे, कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टेकवून शाई फुटते का ते पाहणे, पान खालून आधार देऊन उचलणे. हे व्याख्यानाने येत नाही, करूनच येते. आणि कुठे थांबायचे तेही तिथेच कळते: चिकटलेली पाने, सुटणारी शाई, पसरलेली बुरशी दिसली की हात मागे घ्यायचा.

रिद्धपूरला २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. अमरावतीत विद्यापीठ १९८३ पासून आहे. दोघांनी मिळून दर उन्हाळ्यात अशी एक कार्यशाळा घ्यावी, आणि प्रत्येक मठाने, मंदिराने, वाचनालयाने तिथे दोन माणसे पाठवावीत. तोवर एवढे करा: संग्रहाची यादी करा, कपाट भिंतीपासून सरकवा, आणि चिकटपट्टी टेबलावरून हटवा.